दारावरची थाप

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. बस चढावर अशी कण्हत होती की वाटलं, कामावर रुजू व्हायच्या आधी हिचंच बाळंतपण करावं लागणार. टपावरून माझी ट्रंक उतरवताना कंडक्टरने विचारलं, आत दगड भरलेत की काय. मी म्हटलं, खाणीच्या वस्तीला दगड घेऊन कोण येईल, पुस्तकं आहेत. तो म्हणाला, वजन तेच.

इथे सगळ्यावर पांढरी भुकटी आहे. पानांवर, दुकानांच्या फळ्यांवर, कुत्र्यांच्या पाठीवर. दुपारी खाणीचा भोंगा वाजतो आणि मग तासभर सुरुंग उडतात. तेवढा वेळ रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाहेर पडायचं नाही असा नियमच आहे. पहिल्या धमाक्याला मी हातातला पेला टाकला. मावशी हसून हसून खाली बसली.

मावशी म्हणजे केंद्रातली मदतनीस. झाडलोट, पाणी, बाळंतिणीचे कपडे, सगळं तीच बघते. आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला निरोप द्यायचा तर फोन नको. तिनेच मला प्रसूतिकेंद्र दाखवलं. पुढे ओटा, मग तपासणीची खोली, तिच्या शेजारी बाळंतपणाची, आणि मागे माझी राहायची. ये-जा करायला एकच पुढचं दार, जाडजूड लाकडाचं. आधीच्या सिस्टर बदली करून घेऊन गेल्या, त्यानंतर कितीतरी महिने इथे कुलूप होतं. बायका खाणीच्या ट्रकमधून खाली मोठ्या दवाखान्यात जायच्या. काहींची बाळं ट्रकच्या फाळक्यावरच झाली.

पहिल्यांदाच एका केंद्राची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. डॉक्टर मॅडम फक्त शुक्रवारी येणार, बाकी दिवस मीच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, जेवणाकडे लक्ष दे. दादाने निघताना ही डायरी हातात ठेवली होती, वर टोमणा, की पहिल्या आठवड्यानंतर कोरीच राहणार. बघूच.

८ फेब्रुवारी

पहिला तपासणीचा दिवस! मला वाटलं होतं दोन-चार जणी येतील. ओटा भरला, पायऱ्या भरल्या, मावशीने घरून सतरंजी आणली.

मॅडम तपासत होत्या तोवर मी फळा लावून बायकांशी बोलले. पाळी कशी येते, दोन मुलांत अंतर का ठेवायचं, गोळ्या-साधनं कुठे मिळतात. आधी सगळ्या पदराआड खुसखुसत होत्या. मग एकीने एक प्रश्न विचारला आणि धरणच फुटलं. चहावाली, कोपऱ्यावर तिची टपरी आहे आणि तिला पाचवा महिना संपत आलाय, म्हणाली की हे सगळं तिसऱ्या पोराच्या आधी सांगायला कोणी आलं असतं तर बरं झालं असतं. ओटा हसून हसून हलला.

शेवटी मी धोक्याच्या खुणा लिहिल्या. डोकं सारखं दुखणं. डोळ्यांपुढे काजवे. तोंड-हात सुजणं. अंगावरून रक्त जाणं. बाळाची हालचाल कमी होणं. सगळ्यांकडून म्हणून घेतल्या, शाळेत पाढे म्हणतात तशा.

त्यांच्यात एक अगदी लहान चणीची होती, सहावा संपत आलेला, पहिलटकरीण. सासूबरोबर आली होती आणि आल्यापासून नुसती हसत होती. वजनकाट्यावर चढली तरी हसू. मी तिचं नाव हसरी ठेवलं आणि ते लगेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. नवरा ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर. तिने मात्र हसू आवरून विचारलं,

"पण सिस्टर, मी घाबरून धावत आले आणि काहीच नसलं तर? तुम्ही रागावाल."

मी म्हटलं, "शंभर वेळा उगाच ये. हे दार तुमच्यासाठी कधीच बंद नसतं."

फार छान वाटलं बोलताना. मावशी मागे उगाचच खोकली.

१९ फेब्रुवारी

दादा हरला. डायरी चालू आहे.

तीन बाळंतपणं पार पडली, सगळी सुखरूप. एकीचं नाव माझ्यावरून ठेवणार म्हणतात. परवा खाणीच्या फाटकापाशी पुरुषांची सभा घेतली. अर्धे जण पाठ करून उभे राहिले, पण कान इकडेच होते. बायकोला कळा आल्या तर वाट बघू नका, फोन करा, गाडी येते, एवढं तरी डोक्यात गेलं असावं.

झोप मात्र होत नाही. आणि कटकट म्हणजे गोळीकाकू. ही खाणीच्या मुकादमाची बायको. तिला काही झालेलं नाही. तिला रोज कसली तरी गोळी हवी असते. पोटात जळजळ, गुडघ्यात कळ, कानात वारा. नेमकी मी आडवी झाले की हिची दारावर थाप. समोरच राहते, त्यामुळे भोंग्यानंतरही दोन ढांगांत रस्ता ओलांडून येते, तिला सुरुंगाची भीती नाही.

मावशीने सांगितलं की आधीच्या सिस्टर भोंगा झाला की दार लावून घ्यायच्या. तासभर तरी माणसाने पाठ टेकावी, नाहीतर हे लोक जिवंत ठेवणार नाहीत. मी म्हटलं, मी तसलं करणार नाही. ती म्हणाली, बरं.

६ मार्च

आजपासून भोंग्याच्या तासाला दार लावते. मावशी तेवढ्यात घरी जाऊन येते. नाहीतरी त्या वेळी कोण येणार? रस्ताच बंद असतो. गोळीकाकूने थापा मारल्या, कंटाळली, गेली. मी उशी कानावर घेतली आणि कितीतरी दिवसांनी मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की गाणं म्हणत फरशी पुसली.

१२ मार्च

विशेष काही नाही. काल संध्याकाळपासून एकीच्या कळा चालल्या होत्या, सकाळी उशिरा सुटली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत, दुपारच्या आत हट्टाने घरी गेल्या. माझे पाय दगडाचे झाले होते. भोंगा झाला, मावशी गेली, मी कडी घातली.

गोळीकाकू आज जरा जास्तच वेळ वाजवत होती. उघड्या पंजाने, थप थप थप, मग जरा थांबून परत. मी ओरडणार होते, पण तोंड उघडायचाही कंटाळा आला. भिंतीकडे वळले. मग थांबलं.

ऊन कलल्यावर दार उघडलं. ओट्यावर कोणी नव्हतं. एक चप्पल तेवढी उलटी पडली होती. बाजूला ठेवून दिली, नेईल जिची असेल ती.

१३ मार्च

हसरी गेली. बाळही गेलं.

तरी लिहिते. काल सकाळपासून तिचं डोकं फुटत होतं. मग डोळ्यांपुढे काजवे आले. तिने सासूला सांगितलं, सिस्टरनी फळ्यावर लिहिलं होतं तेच आहे हे. भोंगा झालेला. सासू म्हणाली तासभर थांबू. ती थांबायला तयार नव्हती. सुरुंग उडत असताना दोघी भिंतींच्या आडोशाने चालत इथे आल्या. इथून परत जाताना तिला रस्त्यात झटके सुरू झाले. सुरुंग थांबल्यावर, गाडी यायला वेळ लागेल म्हणून, हातगाडीवर घालून खाली नेत होते. मोठ्या दवाखान्याचं फाटक दिसत होतं म्हणे.

झटक्यांवरचं इंजेक्शन कपाटात होतं. माझ्या उशीच्या भिंतीपलीकडे.

आज डॉक्टर मॅडम तातडीने आल्या. ओट्यावर सगळी वस्ती जमलेली. सासूने सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही आलो होतो, पोरीने दार बडवलं, कोणी उघडलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. फक्त विचारलं, कोणी आलं होतं का?

मी म्हटलं, नाही.

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली की सिस्टर कायम हजर असतात. मग मॅडमचा पारा चढला. भोंग्याच्या वेळी बाहेर पडलाच नसाल, म्हणाल्या, उशीर केलात आणि आता दुसऱ्यावर ढकलता. लोकही तेच बोलायला लागले. कोणीतरी म्हणालं, सासवांना सुनेचं दुखणं म्हणजे नाटकच वाटतं. म्हातारीने एकदा माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, मग ओट्यावरची चप्पल उचलून गेली.

मी मॅडमना थाप मारली.

शब्द लिहिला आणि हात थांबला. दारावर मारतात तीही थापच.

१५ मार्च

शुक्रवार. बायका आल्या, पण ओट्यावर आवाज नाही. सासूबद्दल कुजबुज चालली होती. चुलीत घाला मेलीला, असं एकजण म्हणाली. मी गोळ्यांच्या पुड्या बांधत राहिले.

मॅडम यायला उशीर झाला म्हणून मीच तपासायला सुरुवात केली. पहिल्या बाईच्या पोटावर नळी ठेवली आणि कान लावला. बाळाचे ठोके कसे असतात, मला झोपेतही सांगता येईल. लांबून घोडा दौडत यावा तसे.

आज ते नव्हते. थप थप थप. थांबलं. थप थप थप.

मी नळी झटकली. परत लावली. लाकडावर पंजा आपटल्याचा आवाज.

दुसरी बाई. तेच. तिसरी. तेच. मॅडम आल्यावर त्यांना ऐकायला लावलं. त्या म्हणाल्या, छान आहेत ठोके, तू झोपत नाहीस का?

झोपत नाही. दुपारी तर नाहीच.

१८ मार्च

दार दिवसभर सताड उघडं ठेवते. विटा लावून. गोळीकाकू आली की आधी गोळी देते, मग विचारते काय होतंय. तिलाच संशय यायला लागलाय. आज म्हणाली, त्या दिवशी मीही वाजवणार होते, पण तुमच्या दारात आधीच कोणीतरी उभं होतं म्हणून परत फिरले.

कोण होतं, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती. म्हणजे तिलाही माहीत आहे आणि तीही गप्प आहे. कशासाठी? गोळ्यांसाठी?

२२ मार्च

आज डोळ्यांनी बघितलं. भर दिवसा, खिडकी उघडी असताना.

चहावाली टेबलावर आडवी होती. तिला आता सातवा लागलाय. म्हणाली, सिस्टर, हे पोर लाथ मारत नाही, चापट मारतं. हसत होती. मी पदर बाजूला केला. पोटाची कातडी उजवीकडे वर आली. गुडघा असेल, टाच असेल, मी हजारदा बघितलंय.

पंजा होता. पूर्ण पंजा. पाच बोटं पसरलेली. तळवा माझ्या तळव्याएवढा. बाळाचा नव्हे. बाईचा.

आतून दाबला गेला, तसाच राहिला, मग उठला आणि परत आपटला. थप.

चहावाली म्हणाली, पैलवान होणार बघा! तिला काही वेगळं वाटलं नाही. माझ्या हातातून नळी पडली. मावशी दारात होती. तिने बघितलं की नाही, माहीत नाही. पण ती त्या खोलीत परत आली नाही.

२६ मार्च

कोणालाच तपासू शकत नाही. कान लावला की तेच. मग मी काय करते? प्रत्येकीला खाली पाठवते. जरा शंका आली तरी गाडी बोलावते. परत पाठवतात, काही नाही म्हणून. गाडीचा ड्रायव्हर आज तोंडावर बोलला, की सिस्टर, उद्या खरंच कोणी अडली आणि मी तुमच्या या फेऱ्यांत अडकलेलो असलो तर?

त्याचं बरोबर आहे. मी अजून एक दार बंद करतेय.

मॅडमनी फोनवर बजावलं, यापुढे ठोके मोजून मला सांगायचे, मग मी ठरवीन गाडीचं.

ठोके मोजून!

२ एप्रिल

सासूकडे गेले. तिच्या अंगणात आता कोणी येत नाही. नळावर बायका तिला शेवटी पाणी भरू देतात. मुलगा परत आला, बोलला नाही, ट्रक घेऊन निघून गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी आत होते. जागी होते. ऐकलं होतं.

तिने पायाजवळची भुकटी पदराने झटकली. मग म्हणाली,

"मला काय सांगता, बाई? मला ठाऊकच होतं."

मी रडायला लागले. तिला ते आवडलं नाही.

"रडू नका. तिचा हात मी ओढून काढला त्या दारावरून. म्हटलं चल, झोपल्या असतील, उगाच त्रास नको. ती सोडायला तयार नव्हती. सिस्टर म्हणाल्यात दार कधीच बंद नसतं, उघडतीलच, हेच धरून बसली. पाय चालेनात तर खाली बसून वाजवत राहिली. मी ओढली तिला. माझं मी बघीन. तुमचं तुम्ही त्या बायकांना सांगा."

मी म्हटलं, सांगते.

नाही सांगितलं. तीन दिवस आहेत शुक्रवारला, असं स्वतःला समजावत घरी आले.

५ एप्रिल

आज —

क्रमाने लिहिते. मॅडमचा निरोप, येऊ शकत नाही. ओट्यावर बायका. चहावाली आली, हसत नव्हती. कालपासून पोर हललं नाही, सिस्टर.

आडवी केली. नळी लावली. थापा. जोरात, माझ्या कानाचा पडदा फाटेल एवढ्या. त्यांच्या खाली बाळाचे ठोके आहेत की नाहीत, मला कसं कळणार? मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, ठोके किती? मी नळी आणखी दाबून बघितली. त्या चिडल्या. किती, सांग. गाडी खाली दुसरीकडे निघालीय, उगाच थांबवणार नाही.

चहावाली माझ्याकडे बघत होती. दारात सगळ्या बायका.

मी ओरडून सांगितलं. फोनमध्ये, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं. हसरी आली होती. मी आत होते. तिने वाजवलं, मी ऐकलं, उघडलं नाही. खोटं बोलले. सासूचं खरं आहे. तेव्हापासून मला दुसरं काही ऐकू येत नाही. मला ठोके ऐकू येत नाहीत, मॅडम, गाडी पाठवा.

एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. फोनमध्येही. मग मॅडम म्हणाल्या, पाठवते.

मी परत कान लावला. थापा थांबल्या होत्या. आणि खाली, फार खाली, ठोके. हळू. फारच हळू. थकलेला घोडा. पण होता.

९ एप्रिल

चहावालीचं पोट उघडून बाळ काढलं. अपुऱ्या दिवसांचं आहे, पेटीत ठेवलंय. जगेल म्हणतात. तिचा निरोप आला नाही. का यावा?

मॅडमनी सांगितलं, चौकशी होईल, दुसरी सिस्टर मिळेपर्यंत तिथेच राहा. मावशी चावी ठेवून गेली. जाताना म्हणाली, मलाही खोटं बोलायला लावलंत. लावलं नव्हतं. पण थांबवलंही नव्हतं.

सासू आज नळावर पहिल्या नंबराला होती, खिडकीतून दिसलं. एवढंच बरं झालं.

१२ एप्रिल

शुक्रवार. मॅडम आल्या, बसल्या, गेल्या. ओटा रिकामा. एकही बाई नाही.

खाणीचा ट्रक उतरताना दिसला. मागे फाळक्याला धरून बायका उभ्या. मोठाली पोटं, धक्के खात. एकीनेही इकडे बघितलं नाही.

इतके महिने बंद दाराने जे केलं नसेल ते मी दोन महिन्यांत केलं.

१३ एप्रिल

जेवत होते. दार उघडंच असतं, पण वाऱ्याने लागलं होतं. थाप पडली. थप थप थप.

जिवात जीव आला, कोणीतरी आलं! आणि त्याच क्षणी अंग गार पडलं. उठायला जरा वेळ लागला. थाप थांबली. उघडलं.

कोणी नाही. बाहेरच्या बाजूला दारावर खाणीची भुकटी बसलेली असते. तिच्यावर एक पंजा उमटलेला. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.

१४ एप्रिल

परत. दार मी उघडं ठेवलं होतं. विटाही लावल्या होत्या. विटा तिथेच आहेत, दार लागलेलं.

आज पंजा कमरेच्या उंचीवर. बोटं खाली ओघळलेली. कालचा तसाच आहे, त्याच्या खाली हा. पुसायला फडकं घेतलं. पुसवेना.

ती खाली सरकतेय. पाय चालेनात तर खाली बसून वाजवत राहिली, सासू म्हणाली होती —

१५ एप्रिल

गुडघ्याच्या उंचीवर.

एक गोष्ट आज लक्षात आली. मी उघडते, पण कधी? थाप थांबल्यावर. रोज. आधी ऐकत राहते, मग ती थांबते, मग उठते. थाप चालू असताना एकदाही उघडलं नाही. तेव्हाही नाही. आताही नाही.

गोळीकाकूला हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली.

आईला फोन केला. काही सांगता आलं नाही. आई म्हणाली, जेवलीस का. मी हो म्हटलं. तेही खोटं.

१६ एप्रिल

सकाळपासून दारासमोर बसलेय. खुर्ची दाराकडे तोंड करून. डायरी मांडीवर, हाताला काहीतरी हवं म्हणून. आज थाप पडली की लगेच —

पडली.

खालून. अगदी उंबरठ्यापाशी. बोटांनी. जोर नाही.

थप. थप.

कण्हणं ऐकू येतंय. आजपर्यंत आवाज नव्हता, फक्त थापा. ही कोण? कोणाची तरी सून असेल. खरी. जिवंत. ट्रक निघून गेला असेल, दुसरीकडे कुठे जाणार? किंवा ती. कसं कळणार? दाराच्या फटीतून सावली दिसतेय, आडवी. हलतेय.

ती असली तर — तिचा चेहरा मला — मी तिचं नाव ठेवलं होतं —

थप.

आणि दुसरी कोणी असली तर? डोळ्यांपुढे काजवे आलेली —

"सिस्टर."

म्हणाली. आत्ता. हळू. आवाज कोणाचा ते — सगळ्यांचा असाच असतो कळांमध्ये —

दोन्हींपैकी कोणीही असो, उघडायचंच आहे. ते एकच काम होतं माझं. उठते. पाय —

थप.

मी लिहीत बसलेय. ती वाजवतेय आणि मी लिहीत बसलेय. परत तेच. परत मी आत आणि ती बा